जवळ्याची उसनवारी

वडगाव निंबाळकरपासून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. इथलं पाणी नीरेचं. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहता झाला, नीरेकाठची जिराईत रानं बागाईत झाली, आणि इथल्या माणसाची पाण्याची भाषा पाट, पाळी, दारं धरणं, आवर्तन अशी ठरून गेली. समुद्र या मुलखात येतो तो आठवडी बाजारात, तोही वाळून. बोंबलांच्या जुड्या, वाकट्या, सोडे, आणि शेजारी तोंड दुमडून उघडं ठेवलेलं सुकटीचं पोतं. कोकणातला जवळा घाट चढून आला की देशावर त्याची सुकट होते. मापाने घ्यायची, तव्यावर कोरडी भाजायची, कांदा-लसूण-मिरचीवर परतायची आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खायची. ज्या घरात मटण सणावारी शिजतं, त्या घरालाही सुकट परवडते.

ही सुकट चिमटीत घेऊन उजेडात धरावी. ढिगात तिला आकार नसतो. चिमटीत आली की प्रत्येक काडीला डोकं आणि शेपूट फुटतं. बोटाच्या पेराएवढं अंग, आरपार दिसणारं कवच, वाळल्यावर आलेली फिकट गुलाबी झाक आणि डोक्याशी दोन काळे ठिपके. ते डोळे. पाठीवरच्या आडव्या कड्या नीट पाहिल्या तर मोजता येतात. कवच या कड्यांचंच बनलेलं असतं, आणि एकदा घट्ट झालं की ते वाढत नाही. प्राणिशास्त्रात याचं नाव ॲसेटिस इंडिकस. जवळा पोहतो, पण प्रवाहाविरुद्ध त्याचं फारसं चालत नाही. भरती-ओहोटी नेईल तिकडे जातो. वसई-वर्सोव्याचे कोळी याचाच उपयोग करून घेतात. त्यांचं डोल जाळं माशाच्या मागे धावत नाही, जागेवर बांधलेलं असतं. पाणी जाळ्याच्या तोंडातून आत शिरतं आणि पाण्याबरोबर वाहत आलेला जवळा टोकाशी साठतो. अशा वाहत्या जिवांना शास्त्रात प्लवक म्हणतात. पाण्यातली सूक्ष्म शैवलं हे वनस्पतिप्लवक, आणि त्यांना व एकमेकांना खाणारे बारीक जीव हे प्राणिप्लवक. वडगावच्या ताटात सुकट पडते तेव्हा समुद्रातलं प्राणिप्लवकच पडतं.

याच सुकटीवर डॉक्टर बोट ठेवतात. पन्नाशीच्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट आला की पहिली काट बसते ती अंड्याच्या बलकावर, कोळंबीवर आणि सुकटीवर. कोलेस्टेरॉल हे आपल्या कानाला आता एखाद्या रोगाचं नाव वाटतं. खरं तर आपलं शरीर, आणि त्यातही यकृत, हे द्रव्य रोज स्वतः घडवतं. दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास. ताटातून येतं ते त्या मानाने कमी. जवळ्याचा हिशेब नेमका उलटा आहे. त्याच्या अंगातलं सगळंच्या सगळं कोलेस्टेरॉल खाण्यातून आलेलं असतं, किंवा खाण्यातून आलेल्या जवळच्या द्रव्यापासून त्याने करून घेतलेलं असतं. मुळापासून एक कणही त्याला घडवता येत नाही, आणि त्याच्यावाचून त्याची वाढ होत नाही. ज्याच्या घरी भरपूर आहे त्याला बाहेरचं टाळायला सांगावं लागतं. ज्याच्या घरी काहीच नाही तो उसनं आणून संसार चालवतो.

हे द्रव्य ज्या कुळातलं, त्या कुळाला स्टेरॉल म्हणतात. कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, एका बाजूला शेपूट, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बन २७. पेशीच्या पातळ पडद्यात हा रेणू उभा राहतो आणि पडद्याला फार सैलही पडू देत नाही, फार ताठही होऊ देत नाही. हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम हार्मोन्सचं. याच चार कड्यांच्या सांगाड्यात थोडी काटछाट, थोडी भर केली की स्टेरॉइड हार्मोन्स तयार होतात. आपल्याकडे स्टेरॉइड म्हटलं की तालमीतली चोरटी इंजेक्शनं आठवतात, नाही तर दम्याच्या गोळ्या. पण मुलगा-मुलगी वयात येणं, गर्भ टिकणं, अंगाने ताणाला तोंड देणं, हे सगळं आपल्या शरीरात या सांगाड्याच्या जोरावर चालतं. जवळ्याच्या शरीरात त्याच्या जोरावर चालतं ते कात टाकणं.

कवचाच्या प्राण्याला वाढायचं तर जुनं कवच फोडून बाहेर यावं लागतं. आत तयार झालेलं मऊ कवच पाण्याने ताणून मोठं करायचं आणि मग ते कडक होण्याची वाट पाहायची. तेवढ्या वेळात त्याला धड पळता येत नाही, धड लढताही येत नाही. हे केव्हा करायचं याचा हुकूम एक्डायसोन या हार्मोनचा, किंवा नेमकं बोलायचं तर त्याच्या कामाला लागलेल्या रूपाचा, २०-हायड्रॉक्सिएक्डायसोनचा. तो स्टेरॉलपासूनच बनतो. म्हणजे जवळ्याला वाढायचं असलं तरी वाढीची परवानगी दुसऱ्याच्या घरून आणावी लागते.

हा हुकूम बघायला समुद्रावर जायला नको. बारामती-इंदापुरात उसाच्या फडांमधून आता तुतीची रानंही दिसतात, आणि बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा बाजार भरतो. ज्याच्या शेडमध्ये बॅच चालू आहे त्याच्याकडे जाऊन पाहावं. ठरल्या वेळी अळ्या पाला खायचं सोडतात आणि डोकं वर उचलून निश्चल बसतात. शेतकरी म्हणतो, ‘मोल्टला बसल्यात.’ तो पाला थांबवतो, रॅकवर चुन्याची भुकटी मारतो, कुणाला हात लावू देत नाही. साधारण दिवसभराने डोक्यामागे कात फाटते, अळी सरपटत पुढे निघते आणि मागे सुरकुतलेलं जुनं अंग पडून राहतं. आयुष्यात असे चार मोल्ट. पाचव्या अवस्थेत ती आठवडाभर अधाशासारखी खाते आणि मग चंद्रिका नावाच्या जाळीवर चढून कोष विणते. चारही मोल्ट आणि शेवटचं विणणं, प्रत्येकाच्या मागे एक्डायसोनची चढती लाट असते. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने वनस्पतीतून काढलेलं याच कुळातलं द्रव्य ‘संपूर्णा’ नावाने शेतकऱ्यांपर्यंत आणलं. अखेरच्या दिवसांत पाल्यावर फवारलं की अळ्या मागेपुढे न रेंगाळता एका वेळी कोषावर जातात. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचं जे गुपित, तेच इथे शेडमधलं रोजचं काम झालं आहे.

अळीलाही स्टेरॉल घडवता येत नाही. तुतीच्या पानात तिला काय खेचतं याचा माग जपानमध्ये हामामुरा यांनी १९६० च्या सुमारास काढला. वासाने ती पानाजवळ येते. पण दात लावायला भाग पाडणाऱ्या द्रव्यांत त्यांना सापडलं ते बीटा-सिटोस्टेरॉल, वनस्पतींमधलं नेहमीचं स्टेरॉल. त्यात कार्बन २९. अळी त्याच्या शेपटीवरची दोन कार्बनची फांदी छाटते आणि कोलेस्टेरॉल करून घेते. तिला नुसतं पोट भरायचं नसतं. जे घरी बनत नाही ते कुठे आहे, हे तिच्या तोंडाला कळतं.

एक्डायसोन हे हार्मोन शास्त्राला याच प्राण्याने दाखवलं. ॲडॉल्फ बुटेनांट हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. माणसाच्या लैंगिक हार्मोन्सवरच्या कामासाठी त्यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं होतं. १९५४ साली त्यांनी आणि पीटर कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे ५०० किलो कोशित वापरून २५ मिलिग्रॅम शुद्ध एक्डायसोन मिळवलं. अर्धा टन जीव, आणि हाती एक चिमूटही नाही. त्याची रचना कळायला १९६५ उजाडलं. क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली तेव्हा चार कड्यांचा ओळखीचा सांगाडा समोर आला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅम्पशायर आणि हॉर्न यांनी शेवंडीच्या जातीच्या समुद्री प्राण्याचा एक टन माल वापरून २ मिलिग्रॅम हार्मोन काढलं. तेही याच कुळातलं निघालं. तुतीच्या पाल्यावरची अळी आणि खडकाखालची शेवंड एकाच हुकमाने कात टाकतात, हे त्या दोन मिलिग्रॅमने सिद्ध केलं.

उसनवारीचा पुरावा त्याआधीच येऊ लागला होता. १९३५ मध्ये हॉब्सन यांनी दाखवलं की माशीच्या अळ्यांना अन्नातून कोलेस्टेरॉल मिळालं नाही तर त्या वाढत नाहीत. १९६० च्या दशकात डच संशोधक झांदे यांनी क्रेफिशला किरणोत्सारी खूण लावलेलं ॲसिटेट दिलं. ज्या प्राण्याला स्टेरॉल घडवता येतं तो ते याच कच्च्या मालापासून घडवतो, म्हणून घडवलं असतं तर ती खूण स्टेरॉलमध्ये उतरली असती. ती उतरली नाही. पुढे १९९७ मध्ये जनुकांच्या पुराव्यावरून कात टाकणाऱ्या प्राण्यांचं एक मोठं कूळ एकत्र मांडलं गेलं. कीटक, कवचधारी आणि सूत्रकृमी हे त्यातले तीन मोठे गट. तिघांनाही स्टेरॉल घडवता येत नाही. कात टाकण्यासाठी ज्यांना याची पदोपदी गरज, त्यांच्याच घरात ते बनत नाही.

हे दुबळेपण म्हणावं का? स्टेरॉल घडवणं स्वस्त नाही. एकापाठोपाठ कित्येक विकरं राबतात, आणि कोलेस्टेरॉलचा एक रेणू पुरा व्हायला ऑक्सिजनचे ११ रेणू खर्ची पडतात. जे खाण्यात रोज आयतं येतं ते घडवण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्या वापराविना राहिलं तर बिघडतं, आणि बिघडल्याने काही अडत नाही. माणसाचंही क जीवनसत्त्वाच्या बाबतीत असंच झालं आहे. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतः घडवतात, आपल्याकडचं जनुक निकामी होऊन पडलं आहे, आणि आपण आवळ्या-पेरूवर विसंबून आहोत. असं कसब गमावलेल्यांतच पृथ्वीवरचे सगळ्यांत यशस्वी प्राणी निघाले. कीटकांनी जमीन व्यापली, आणि तांदळाच्या कणीहूनही लहान कोपेपॉड नावाच्या कवचधाऱ्यांनी समुद्र. परावलंबनाने त्यांचा वंश खुंटला नाही. मात्र त्यांचं भलं-बुरं दुसऱ्याच्या हाती गेलं.

समुद्रात तो दुसरा म्हणजे शैवल. आणि शैवल सगळीकडे सारखं नसतं. डायाटम या शैवलांमध्ये प्रजातीप्रमाणे वेगवेगळी स्टेरॉलं मिळतात. त्यांतलं २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल हे मधमाशीला परागकणांतून लागणारंही महत्त्वाचं स्टेरॉल आहे. डायनोफ्लॅजेलेटांमध्ये डायनोस्टेरॉल असतं. त्याच्या पहिल्या कड्यावर एक जादा फांदी असते आणि त्याचं कोलेस्टेरॉल करणं कवचधाऱ्याला अवघड जातं. आणि सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण निळंहिरवं शेवाळ म्हणतो, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे स्टेरॉल नसतंच. तिन्ही पोट भरणारे. उसनं देण्याची ऐपत मात्र तिघांची तीन तऱ्हेची.

अरबी समुद्रात हा फरक ऋतूंबरोबर फिरतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी आणि आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्याशी खोलातलं पोषक पाणी वर येतं. हिवाळ्यात उत्तर भागात कोरडे ईशान्य वारे पृष्ठभाग थंड करतात, पाणी घुसळलं जातं, नायट्रेट वर येतं. दोन्ही वेळा शैवलांची चंगळ होते. मधल्या शांत काळात, फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, गोवा-कर्नाटकासमोर ट्रायकोडेस्मियमचे पिंगट पट्टे तरंगताना दिसतात. तेही सायनोबॅक्टेरियाच. त्यांना खाणारे कोपेपॉड थोडेच.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. ठरावीक मापाची जाळी ठरावीक खोलीतून ओढून अनेक देशांच्या जहाजांनी प्राणिप्लवक गोळा केलं आणि ते कोचीच्या केंद्रात निवडलं गेलं. या मोहिमेतूनच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. स्थापना १९६६ ची, आज मुख्यालय गोव्यात दोनापावलाला. त्या काळी प्राणिप्लवकाचं मुख्य माप होतं ते किती पाणी बाजूला सारतं याचं, मिलिलिटरमध्ये. माप कामाचं होतं, आजही आहे. त्यावरूनच एक कोडं पुढे आलं. मोसमात अन्नाची चंगळ आणि मध्ये तंगी असूनही अरबी समुद्राच्या वरच्या थरात प्राणिप्लवकाचं प्रमाण वर्षभर जवळपास तेवढंच राहतं. दोनापावलाच्या संस्थेतले मधुप्रताप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात त्याचं उत्तर सुचवलं. तंगीच्या दिवसांत जीवाणूंना आणि अतिसूक्ष्म पेशींना एकपेशीय भक्षक खातात आणि त्या भक्षकांना कोपेपॉड. या आडवाटेने घर चालतं.

स्टेरॉलच्या बाजूने पाहिलं की या उत्तराला आणखी एक पदर सापडतो. जीवाणू आणि सायनोबॅक्टेरिया यांच्यापाशी स्टेरॉल जवळपास नसतं. मग तंगीच्या दिवसांत कोपेपॉडला कात टाकायला कोण देतं? मधले एकपेशीय भक्षक. त्यांतले काही स्वतः स्टेरॉल घडवतात. निकृष्ट अन्न एका मधल्या जिवाच्या पोटातून गेलं की त्याचा कस वाढतो, हे १९९९ मध्ये क्लाइन ब्रेटेलर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं. नुसत्या एका हिरव्या शैवलावर ज्या कोपेपॉडांची वाढ खुंटत होती, ते त्याच शैवलावर पोसलेला सूक्ष्म भक्षक खाऊन नीट वाढले. उलट डायाटमसारख्या चांगल्या मानलेल्या अन्नातही कमतरता निघू शकते. हॅसेट यांनी २००४ साली दाखवलं की डायाटमांच्या आहारात कोलेस्टेरॉल मिसळलं तर कोपेपॉड माद्या जास्त अंडी घालू शकतात. पोट दोन्ही वेळा भरलेलंच होतं. मिलिलिटरच्या मापात यातलं काहीच दिसत नाही.

आपल्या गावांना कोपेपॉड परका नाही, फक्त त्याची ओळख वाईट कारणाने झाली. सायक्लोप्स हा गोड्या पाण्यातला कोपेपॉड. मादीच्या शेपटीशी दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबतात. जुन्या पायविहिरींतलं पाणी गाळल्याशिवाय पिणाऱ्याच्या पोटात हा जायचा, आणि त्याच्या पोटात असलेली नारूची अळी माणसाच्या अंगात वाढायची. वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. त्याला काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढणारी माणसं पाहिलेले म्हातारे अजून भेटतात. भारतातला शेवटचा नारू १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. औषधाने हे झालं नाही. पाणी गाळल्याने, पायविहिरी बंद केल्याने झालं. नारू हा सूत्रकृमी, म्हणजे त्यालाही स्टेरॉल घडवता येत नाही. शैवलाकडून सायक्लोप्सने आणलं, पुढे माणसाच्या अंगातून नारूने उचललं. या साखळीतल्या प्राण्यांत माणूस एकटाच असा, जो ते स्वतः घडवत होता.

आता इंदापूरच्या उत्तर अंगाला, भीमेवर. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. त्याची एकूण साठवण ११७ टीएमसी आणि त्यातली निम्म्याहून जास्त मृत साठ्याची. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ आणि पावसाळ्यात ‘उजनी शंभर टक्के’ हे दोन मथळे इथल्या माणसाच्या जिवाशी बांधलेले. त्यावर उसाची लागण ठरते, पाळीचे दिवस ठरतात, सोसायटीचं कर्ज फिटणार की नाही ते ठरतं. पण या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा अशा वाटांनी येऊन मिसळतं. नायट्रोजन, फॉस्फरस अमाप. उन्हाळ्यात काठाचं पाणी हिरवं होतं, त्याला साय धरते, वास येतो. त्या हिरव्यात मायक्रोसिस्टिससारखे सायनोबॅक्टेरिया असतात.

उजनीचं भिगवणच्या बाजूचं थोडं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरलं तर बारीक ठिपके झटके देत वर उसळताना आणि पुन्हा खाली बसताना दिसतात. भिंगाखाली हाच ठिपका उलगडतो. पारदर्शक शिंपल्यात गुंडाळलेलं अंग, पाठीशी धडधडणारं हृदय, हिरवी भरलेली आतडी, एक मोठा काळा डोळा. ही पाणपिसू, डॅफ्निया आणि तिच्या भाऊबंदांपैकी एक. डॅफ्निया आयुष्यभर कात टाकत राहते. ग्लास तसाच ठेवला तर तळाशी तिची रिकामी कवचं सापडतात, केसापर्यंत हुबेहूब, फक्त आत कुणी नाही. प्रत्येक कवचामागे कुठून तरी मिळालेलं स्टेरॉल असतं.

ते पाण्यात नसेल तर काय होतं? जर्मनीत कॉन्स्टान्स सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत फॉन एलर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याचं सरळ उत्तर दिलं. त्यांनी डॅफ्नियाला एक सायनोबॅक्टेरिया पोटभर खाऊ घातला. तो विषारी नव्हता, आकाराने गिळण्याजोगा होता. तरी वाढ खुंटली. त्याच अन्नात कोलेस्टेरॉल मिसळल्यावर वाढ सुधारली. मायक्रोसिस्टिसच्या बाबतीत तर विषाचा आणि गिळता न येणाऱ्या गुठळ्यांचाही त्रास जोडीला असतो. म्हणजे हिरवं पाणी हे भरलेलं ताट आहे हा आपला समज आहे. शैवलाचा कार्बन पाणपिसूत उतरला नाही तर तिला खाणाऱ्या माशांच्या पिल्लांपर्यंतही तो पोचत नाही. तो कुजतो, तळाशी बसतो, ऑक्सिजन खातो. अन्नसाखळीत तूट पडते ती अन्नाच्या टनांची नसते. कणभर रेणूची असते.

धंदेवाईक माणसाला हे गणित पक्कं कळलं आहे. २००९ मध्ये भारतात व्हॅनामी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली. आज पालघर-रायगडच्या किनाऱ्यालाही तिची तळी आहेत. कोळंबीच्या तयार खाद्यात कोलेस्टेरॉल वेगळं घालतात, हजारात एक-दोन भाग. जगात ते ज्या मालापासून काढतात त्यात एक मुख्य आहे लोकरीचं मेण. मेंढीची लोकर धुताना जो चिकट अंश निघतो, त्यातून हे कोलेस्टेरॉल वेगळं करतात. इंदापूर-बारामतीच्या माळावरून वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी; तिची घोंगडी होतात, मेण नाही. मेण निघतं ते मेरिनोसारख्या मऊ लोकरीच्या मेंढ्यांपासून. तरी साखळी विचार करायला लावते. गवतावर चरणारी मेंढी जे स्वतः घडवते, ते परदेशातल्या धुलाई कारखान्यातून निघून किनाऱ्यावरच्या तळ्यात एका कवचधाऱ्याला कात टाकायला मदत करतं.

‘आपण कुणाचं काही देणं लागत नाही’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. जीवसृष्टीत असं म्हणू शकेल असा जीव शोधायला गेलं की हाती फारसं कुणी लागत नाही. जवळा शैवलाचा देणेकरी. शैवलाला वाटावं की आपण तरी सावकार आहोत, कारण ते उन्हावर जगतं. पण कित्येक शैवलांना बी-१२ घडवता येत नाही आणि ते त्यांना जीवाणूंकडून घ्यावं लागतं. कोपेपॉड शैवल खातो आणि अमोनिया बाहेर टाकतो. त्या अमोनियावर पुन्हा शैवल वाढतं. घेतलेल्या जिनसीत कुणी फेडत नाही, पण फेड होते. म्हणून परावलंबन हा दोष मानणं मला पटत नाही. दोष होतो तो तेव्हा, जेव्हा देणारा एकच उरतो. मोसमी समुद्रात देणारे अनेक असतात, एक आटला की दुसरा, मधला एखादा भक्षक पदरमोड करून देणारा, आणि म्हणून तंगीचे दिवसही निभतात. सांडपाण्याने माजलेल्या जलाशयात एकाच जातीचं शेवाळ सगळं पाणी बळकावतं आणि ज्याच्याकडे देण्याजोगं काही नाही तोच तेवढा उरतो. एकाच पिकावर उभ्या राहिलेल्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

आपण पाणी टीएमसीत मोजतो, मासे टनात, शैवल डोळ्याने. या तिन्ही मापांत पाण्यात जगणाऱ्याला हवी ती गोष्ट बसत नाही. उजनी किती टक्के भरली हे रोज छापून येतं. ती कोणत्या शैवलाने हिरवी झाली, पाणपिसू आणि कोपेपॉड किती उरले, हे मोजणं फार खर्चाचं काम नाही. एक बारीक जाळं, एक सूक्ष्मदर्शक आणि मोजायला बसणारं माणूस एवढ्यावर ते होतं. बारामती-इंदापुरात महाविद्यालयं आहेत, प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, प्रयोगशाळा आहेत. महिन्यातून एकदा नीरेचा, कालव्याचा आणि उजनीचा एक एक नमुना तपासून त्याचे आकडे पाणीपातळीच्या शेजारी छापले गेले पाहिजेत. आणि पुण्याच्या सांडपाण्याबद्दल इथल्या माणसाने जो हिशेब मागायचा, तो या आकड्यांच्या आधाराने मागावा.